इमाम मिस्त्रींचे झोपेतले हात

भुताखेताच्या गप्पा रंगल्या की मी उठून जाणारा माणूस. जन्मभर ड्रायव्हरकी केली, मसणवटीच्या कडेनं, ओसाड मळ्यांतून गाड्या नेल्या, कधी काही दिसलं नाही. म्हणून हे लिहिताना हात अडखळतोय. शाळा चौथीतच सुटली, लिहिण्याची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण ज्यांच्यामुळे मी पोटाला लागलो त्यांची ही गोष्ट आहे, आणि ती माझ्याबरोबर संपावी असं वाटत नाही...

मी मूळचा दापोलीकडचा. वडील गेल्यावर गावातल्या एकाबरोबर मोगलाईत आलो. निजामाच्या राज्याला आमच्याकडे तेव्हा मोगलाई म्हणत. तो माणूस मला जालन्यात ठेवून पुढे हैदराबादला गेला तो गेलाच. बोली कळेना, ज्वारीची भाकरी घशाखाली उतरेना. एका मोटार गॅरेजच्या दारात बसून होतो. तिथल्या इमाम मिस्त्रींनी नाव-गाव काही न विचारता माझ्या हातात पाना दिला. जुन्या जालन्यात त्यांचं घर. त्यांच्या बायकोच्या, चाचींच्या हातचं खाऊन मी वाढलो. गावी कळलं असतं तर मला ओसरीवरही बसू दिलं नसतं. पुढे गॅरेजवाल्या शेठच्या सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे प्रवाशांच्या गाडीवर, ड्रायव्हर झालो तोही मिस्त्रींच्याच शब्दावर. जालना ते मंठा, वाटूरवरून.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीच्या मागे कोळशाच्या गॅसची टाकी बसवलेली. त्याच साली मिस्त्री तापानं अंथरुणाला खिळले. गॅरेजात शेठनं गणपत नावाचा नवा मिस्त्री आणला. कामाला वाईट नव्हता. पण तेव्हापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला — गाडी दुरुस्त होऊन बाहेर पडली की वाटूरच्या आसपास दुसरंच काहीतरी निघायचं. ब्रेकचं काम केलं, तर पंख्याचा नट गळाला. पंखा बसवला, तर रेडिएटरचा पाइप सुटला. ज्या जागेला गणपतनं हातही लावला नव्हता, नेमकी तीच जागा. आणि तुटलेलं काही नसायचं. नुसतं ढिलं.

वाटूर फाट्यावर एक धनगर आजोबा नेहमी चढायचे. एकदा मी गाडीखाली पडलेलो असताना वाकून म्हणाले, "डायवर, ही मोटर वाटूरची लेक हाये का रं? माहेर आलं की बसतीच." सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते हसण्यावारी नेता येईना.

कारण गाडी सुटायच्या आदल्या संध्याकाळी सगळे नट पान्यानं तपासायचे, ही मिस्त्रींनी मला लावलेली शिस्त. शेवटचा हात माझा असे. गणपतनं शेठला सरळ सांगितलं, की हा कोकण्याच काहीतरी करतोय, मला कामावरून उठवायला बघतोय. मी शपथा घेतल्या. मग एके दिवशी भरल्या गाडीचं पुढचं चाक डगमगायला लागलं. चाकाचे नट हातानं फिरत होते. गाडी उताराला लागली असती तर... पुढचं लिहवत नाही. आत एक बाळंतीण होती.

शेठ ओरडले नाहीत. गादीवर बसल्या बसल्या पान लावत म्हणाले, "तू चोर न्हाईस, हे मला मालूम हाये. पण माणसं मेली तर मी कोणाला धरू? आता एकदा जरी झालं, तर तू आपल्या गावाला जाय."

गावाला काय तोंड घेऊन जायचं? आई तिथे सांगत फिरत होती, पोरगा मोटार चालवतो म्हणून. दुसरं कुणी विचारायला नव्हतं, म्हणून पहाटे गाडी काढायच्या आधी मी मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, विचारावं, माझं काय चुकतंय.

मिस्त्री झोपले होते. अंगात ताप होता. चाची उशाशी, चुलीवर हकिमाचा काढा. मी पायाशी बसलो आणि पाहिलं, तर रजईवर त्यांचे हात चालले होते. डावा हात काहीतरी धरून, उजवा सावकाश फिरत. मी चाचींकडे बघितलं.

"ताप आल्यापासून असंच," त्या म्हणाल्या. "रोज पहाटेला. नींद नसते बेटा ती, काम करून राह्यलेत ते."

ज्या हातांकडे बघत मी काम शिकलो ते हात मला ओळखता येणार नाहीत का? आधी समोरासमोरचे दोन नट, मग आडवे दोन... मनगट खालून वर वाकवून. ते पाण्याच्या पंपाचे नट सोडत होते. आमच्या गाडीला त्या जागी पाना सरळ जातच नाही, हात तसाच वाकवावा लागतो. सगळे सोडले. मग जरा थांबले. मग पहिला नट परत लावायला घेतला. तेवढ्यात अजान झाली. चाचींनी खांदा हलवला, "उठा, काढा घ्या." मिस्त्री दचकून जागे झाले. हात तसेच अधांतरी राहिले. मला ओळखून हसले, काढा प्यायले आणि ग्लानीत पुन्हा डोळे मिटले. या वेळी हात स्थिर होते.

मी तडक शेठकडून किल्ली घेऊन गॅरेजात आलो आणि बॉनेट उघडलं. आदल्या संध्याकाळी मी स्वतः पान्यानं तपासलेला पंप... एक नट अर्ध्यावर, बाकीचे बोटानं निघत होते. उभ्या गाडीचे. रात्रभर गॅरेजला कुलूप, किल्ली शेठकडे.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, रडू आलं. म्हणजे मिस्त्री माझ्या गाडीखाली रोज येत होते, आणि काम अर्धं टाकून त्यांना रोज उठवलं जात होतं.

पंप कसून फेरी करून आलो ते थेट चाचींकडे. गाडीचं काही न सांगता एवढंच म्हटलं, की हात चालू असले तर उठवू नका, थोडं थांबा. काम झालं की ते हात पुसतात, गॅरेजातही पुसायचे. पुसले की मग काढा द्या. चाचींनी काढ्याचं भांडं चुलीवरून उतरवलं. मग म्हणाल्या, "बराबर हाये. कामावरल्या माणसाला कोणी उठवतं का?"

त्यानंतर गाडी कधी ढिली पडली नाही. गणपत दुरुस्ती करायचा, मी तपासायचो, आणि गाडी मंठ्याला जाऊन यायची. शेठनं मला ठेवलं. वर एकदा म्हणाले, "आता ध्यान दिऊन राह्यलास." मी मान हलवली.

एका सकाळी गाडी काढायच्या आत चाचींचा निरोप आला. त्या दिवशी हात नेहमीपेक्षा जास्त वेळ चालले होते म्हणे, पार उन्हं वर येईपर्यंत. मग त्यांनी रजईला हात पुसले, दोन्ही बाजूंनी, नीट. चाची काढा घेऊन गेल्या, हाक मारली... मिस्त्री उठले नाहीत.

शेठनं त्या दिवशी मोटार सोडली नाही. माती देऊन मी गॅरेजात आलो. सवयीनं पाना घेतला आणि एकेक नट बघत गेलो. एकही हलला नाही.

हे कसं झालं, मला आजवर समजलेलं नाही. तापातल्या माणसाचे हात आणि कुलुपातली गाडी यांचा संबंध कसा लावायचा? जे सांगू शकले असते त्यांना मी विचारलंच नाही, आणि चाचींना शेवटपर्यंत नटांचं सांगितलं नाही. जालना सोडून मी परत गावी गेलो नाही. आईला इथेच आणलं.

पुढे त्या मोटारीचं इंजिन उतरवायची वेळ आली. गणपत घामाघूम. पाना लागेना, रॉकेल घातलं तरी नट सुटेनात. शेवटी छिन्नी लावून तोडायला घेतले. वैतागून म्हणाला, "कोणी कसले रे हे एवढे?"

"इमाम मिस्त्रींनी," मी म्हटलं.

तो हातोडी थांबवून माझ्याकडे बघायला लागला. "येडा झाला का? ते तर बाजंवर पडून व्हते."

"व्हते," मी म्हटलं, आणि त्याला छिन्नी धरायला वाकलो.