राजम्याचं पाणी

हवा अशी गारठली होती की कपड्यांच्या कारखान्यातल्या भटारखान्याचा नळ आधी खोकला, मग थुंकला, आणि मगच वाहू लागला. तिथं स्वयंपाक करणाऱ्या काकूनं पदर खोचून भिजवलेल्या राजम्याच्या पातेल्यात हात घातला. दाणे मान न मिळालेल्या जावयासारखे टम्म फुगले होते.

भिजवणीचं पाणी काकू कधी फेकत नसे. तिचा बाप धान्याच्या गोदामात हमाल होता. पोत्यांतून सांडलेले मूग, मसूर, हरभरे, वाटाणे असलं सगळं झाडून घरी आणायचा. आई ते एकत्रच भिजवायची आणि त्याच पाण्यात शिजवायची. सत्त्व पाण्यात उतरतं, दाण्यात नुसता चोथा राहतो, असं तिचं ठाम मत. त्यावर घरभर पोरं पोसली गेली. काकू तर अशी दणकट निघाली की लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात नवऱ्याला आपली पायरी कळली.

पण थंडीमुळे शिलाईच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या, आणि दुपारच्या जेवणानंतर तिथं मशिनी थांबल्या तरी आवाज थांबत नसत. जो तो नाक दाबून शेजारच्याकडे बघायचा. शेवटी मुकादमानं फर्मान काढलं: आज तो स्वतः इथं जेवणार, जेवण झाल्यावर खोलीत बसणार, आणि तोच प्रकार घडला तर भटारखान्याला कुलूप. उद्यापासून बाहेरचे डबे.

काकूची नणंद शिलाईच्या खोलीतच शर्टांना काजं करायची. ती सकाळीच येऊन चुलीपाशी टेकली.

"वहिनी, तुझ्या हाताला चव आहे गं. पण एकदा त्या खोलीत बसून बघ, देव आठवतो. ते पाणी फेक."

"तुझ्या भावाला इतकी वर्षं हेच घालतेय. मेला का तो?"

"मेला नाही. पण बाहेरच्या खोलीत झोपतो."

भटारखाना गेला तर दिवसभर घरी बसून त्याच नवऱ्याचं तोंड बघायचं, हा विचार काकूला सोसवेना. तिनं राजमा निथळला, धुतला, नव्या पाण्यात शिजत घातला. आता उरली ती भिजवणीच्या पाण्याची बादली. मोरीपाशी जाऊनही तिचा हात पुढे होईना. आईलाच घराबाहेर काढल्यासारखं वाटायला लागलं. इकडे कणीक मळायची होतीच, पाणी लागणारच होतं. काकूनं इकडेतिकडे बघितलं आणि बादली परातीत रिकामी केली.

मुकादम पक्का धोरणी. राजमा त्यानं बेतानंच घेतला आणि पोट रोट्यांनी भरलं. इतक्या मऊ रोट्या सासरीसुद्धा मिळाल्या नाहीत, असं म्हणत आणखी मागून घेतल्या.

जेवण झालं. खिडक्या बंद, मुकादम खुर्चीत, काकू दारात जीव मुठीत धरून. मुकादम घड्याळाकडे बघत बसला. मग कुणीतरी कापडाचा अख्खा तागा टराटरा फाडावा तसा आवाज झाला. सगळ्यांनी कापणीच्या टेबलाकडे बघितलं. तिथं कुणीच नव्हतं. आवाज खुर्चीतून आला होता.

"साहेब," नणंद मान वर न करता म्हणाली, "कापड जरा जपून फाडा."

खोली हसून लोळायला लागली. मग बाकीच्यांनीही भीड सोडली, आणि मुकादमाला स्वतः उठून सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. भटारखाना बंद करायचा तर मालकाला कारण सांगावं लागणार, आणि पहिला मान कुणाचा हेही सांगावं लागणार. त्यानं घसा खाकरून जाहीर केलं, की दोष हवेचा आहे, जेवणानंतर खिडक्या उघड्या राहतील. जाताना तो काकूपाशी थबकला.

"रोट्यांत काय होतं?"

खोटं बोलायला काकूला जमलं नाही. "राजम्याचं पाणी."

"आणि उद्या?"

"फेकते," काकू म्हणाली. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

तो गेल्यावर तिनं सूप पुढ्यात ओढलं, फेकायला पाणीच नको म्हणून उद्यासाठी न भिजवता शिजणारे मसूर त्यात ओतले आणि खडे निवडायला बसली.