वाटीत उरलेला गुलाबी

आत्या,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे मला कळतं. पण परवा एका समारंभात एका विद्वान गृहस्थांनी युरोपातल्या राष्ट्रांनी जग का गिळलं, यावर लांबलचक व्याख्यान झोडलं. कच्चा माल, बाजारपेठा, पडून राहिलेलं भांडवल, आपसातली चढाओढ, धर्मप्रसार, मागासलेल्यांना सुधारण्याचा ध्यास. सगळं बरोबर होतं. कॉलेजात मीही हेच घोकून पहिला वर्ग मिळवला होता. तरी मला खुर्चीत बसवेना. या यादीत तुझी चिनीमातीची वाटी कुठे बसते, ते त्यांना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते. म्हणून तुझीच गोष्ट लिहून काढते, आणि तीही तिऱ्हाईतासारखी, म्हणजे मध्येच तुझ्याशी भांडत बसणार नाही.

ती सरकारी नकाशा कचेरीत रंगवाली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा वारला, सासरच्यांनी हात झटकले, आणि ती धाकट्या भावाच्या घरी परत आली. कचेरीला बायका हव्याच होत्या. बायका स्वस्तात मिळत, मान खाली घालून बसत आणि त्यांचा हात हलका असे. नकाशाच्या काळ्या रेघा दगडावरून छापून येत. रंग भरायचा तो हाताने. साहेबांचं राज्य गुलाबी, शेजारच्या राजाचं पिवळं, आणि जिथे अजून कोणी मोजायला गेलं नव्हतं तिथला कागद कोरा.

खोली लांबलचक, खिडक्या उंच आणि कायम बंद, कारण वाऱ्याने रंग लवकर सुकतो. टेबलावर तिरप्या फळ्या, प्रत्येकीसमोर रंगाची चिनीमातीची वाटी आणि पाण्याचा पेला. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरावा लागे. त्यामुळे तिचे ओठ बारा महिने गुलाबी. गल्लीतल्या बायका ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "नवरा गेला, पण बाईसाहेबांची रंगरंगोटी गेली नाही!" ती ओठ पुसतही नसे.

या कामात एकच गोष्ट हाडात भिनावी लागते. ओला रंग थांबवायचा नाही. मध्येच थबकलात की तिथे गडद कड उमटते आणि कागद वाया जातो. रंग पुढे ओढत पक्क्या रेघेपर्यंत न्यायचा, आणि चुकून रेघ ओलांडली तर मागे न येता पुढच्या पक्क्या रेघेपर्यंत न्यायचा. वाटीत कालवलेला रंग उरवायचा नाही, कारण तीच छटा पुन्हा जमत नाही. तिचा हात सगळ्यांत स्वच्छ, म्हणून नमुन्याचा कागद तीच रंगवी. तो समोर टांगत आणि बाकीच्या बायका त्याच्यावरून आपापले कागद भरत.

एका दुपारी ती डोंगराळ मुलखाचा नमुना भरत होती. सरहद्द तुटक रेघेची होती, कारण मोजणी तिथवरच झाली होती. रेघेपलीकडे एक कोरं खोरं आणि त्याच्याही पलीकडे डोंगराच्या माथ्याची ठळक रेघ. तेवढ्यात कोणीतरी खिडकीवर टकटक केली. बाहेर भाऊ पिंपावर चढून उभा होता आणि काचेला तोंड लावून ओरडत होता, "ताई, मुलगी झाली! नाक तुझं आहे, बिचारीचं!"

ती हसली, वळली, आणि परत बघते तो गुलाबी ओघळ तुटक रेघ ओलांडून खोऱ्यात शिरलेला. डोकं चालायच्या आधी हात चालला. तिने रंग पुढे ओढला, थेट डोंगराच्या रेघेपर्यंत. वाटी रिकामी झाली. काम सुरेख वठलं होतं. कुठे डाग नाही, कड नाही.

(ती मुलगी मीच. पुढे जाऊ या.)

संध्याकाळी तिने हेडकारकुनाला सांगितलं. तो मान वर न करता म्हणाला, "सगळ्या टेबलांनी भरून टाकलं. गठ्ठे बोटीवर गेले. आता तुम्ही गप्प, मी गप्प. कोण बघतंय ते खोरं!"

बघितलं. काही महिन्यांनी मोठा साहेब तीन पाहुण्यांना घेऊन रंगाच्या खोलीत आला: एक लष्करी अधिकारी, एक लाकडाचा व्यापारी आणि एक पाद्री. इतकी वर्षं त्यांच्यात काढल्यावर तिला त्यांची भाषा बोलता येत नसली तरी कळत होती. लष्करी अधिकाऱ्याने नमुन्यावर बोट ठेवलं.

"हे आपलं कधी झालं?"

"झालेलं दिसतंय खरं," साहेब म्हणाला.

"त्या उतारावर लाकूड आहे," व्यापारी म्हणाला. "नातवंडांना पुरेल एवढं."

पाद्रीबाबांनी सुस्कारा सोडला. "आणि देवाचं नाव कोणी पोचवलेलं नाही तिथे. बिचारे!"

"बिचाऱ्यांचं मग बघू," लष्करी अधिकारी म्हणाला. "आपण नाही गेलो तर डोंगरापलीकडचे येतील. त्यांच्या कचेरीत काय रंगवत बसलेत कोण जाणे."

साहेब म्हणाला, "राजधानीत हा नकाशा भिंतीवर चढलाय. मंत्र्यांनी छडी ठेवून भाषणही ठोकलं. आता तो तुकडा कोरा केला, तर लोक म्हणतील आपण गमावला."

लग्नघरात पाहुणे आहेराची पाकिटं पुढे करतात, तसा एकेक जण आपापलं कारण काढून देत होता. खुर्ची सरकवून ती उभी राहिली आणि हेडकारकुनाला म्हणाली, "साहेबांना सांगा, ती माझी चूक आहे. रंग ओघळला होता."

हेडकारकुनाचा चेहरा पडला, पण त्याने सांगितलं. साहेब नकाशाजवळ गेला, चष्मा चढवून बघत राहिला आणि खुशीत म्हणाला, "चूक? बाईंना म्हणावं, कड बघा किती स्वच्छ आलीय."

तिला बढती मिळाली. खोलीतल्या सगळ्या बायकांवर मुकादम.

आणि भावाला काम मिळालं. खोरं मोजायला तुकडी निघणार होती. जमीन मोजायची साखळी ओढायला माणसं हवी होती, आणि मुकादमबाईंचा भाऊ म्हणून हेडकारकुनाने त्याचं नाव पुढे केलं. वाटलं असेल, उपकार करतोय. भाऊ उड्या मारत घरी आला.

"ताई, तू रंगवलंस, मी मोजून येतो. घरचाच धंदा झाला की आपला!"

"जाऊ नकोस."

"का?"

"ते खोरं त्यांचं नाही. माझ्या हातून रंग गेला तिकडे."

तो खो खो हसला. "अगं, बाकीचं काय त्यांच्या बापाचं होतं? रोज रंगवतेस तेव्हा बरं काही वाटत नाही तुला!"

वहिनी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "वन्सं, चार पैसे घरात येतायत, तर तुम्ही अपशकुन कशाला करता?"

दुसऱ्या दिवशी इतर बायका यायच्या आत ती कचेरीत गेली आणि ओल्या स्पंजने नमुन्यावरचं खोरं पुसायला बसली. कागदात मुरलेला गुलाबी काही निघेना. नुसता कागद खरवडला, तंतू वर आले. हेडकारकुनाने हातातून स्पंज हिसकावला. "बाई, नोकरी जाईल!"

"जाऊ दे. भाऊ जायला नको."

"तुमचा नकाशा पुसला म्हणून तुकडी थांबते होय? घोडे आलेत, तंबू आलेत. तंबूंचं कंत्राट कोणाच्या मेहुण्याला गेलंय माहीत आहे?"

तुकडी गेली. खोऱ्यातल्या लोकांनी पहिल्या दिवशी मोजणीच्या खुंट्या उपटल्या, दुसऱ्या दिवशी दगड मारले. साखळीच्या पुढच्या टोकाला भाऊ होता. साहेबलोक मागे, घोड्यावर. दगड कोणाला लागायचा ते ठरलेलंच होतं.

मग खरा कळस झाला. आमच्या माणसाला मारलं, असा गवगवा झाला. वर्तमानपत्रांत आलं, राजधानीत भाषणं झाली, आणि फौज पाठवायला जे कारण कमी पडत होतं ते मिळालं. जिवंतपणी ज्याला कचेरीच्या पायरीवर चप्पल काढून उभं राहावं लागे, तो मेल्यावर 'आमचा माणूस' झाला. त्याच्या नावाने खोऱ्यातली घरं जाळली. तो पडला त्या टेकडीला मोठ्या साहेबाचं नाव दिलं. नवा नमुना आला तेव्हा त्यात सरहद्दीची रेघ पक्की होती. रंग तिनेच भरला. घरात एक विधवा आणि एक तान्ही पोर होती. ब्रश टाकून देण्याची चैन तिला परवडणारी नव्हती.

निवृत्त होईपर्यंत ती तिथेच राहिली. तोवर साहेबही गेले. आपलं सरकार आलं, रंग बदलला, रेघ तीच राहिली.

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते. कॉलेजात असताना मी तुला साम्राज्यवादाची कारणं मोठ्याने वाचून दाखवली होती, आठवतं? तू डाळीतले खडे वेचत होतीस. म्हणालीस, "यात मी नाहीये."

मी चिडले. "आत्या, तुझ्या वाटीभर रंगाने राज्य वाढत नाही. त्यांना जायचंच होतं. तू नसतीस तर दुसरं काहीतरी सापडलं असतं."

"दुसरं सापडलं असतं, तर दुसऱ्या कोणाचा तरी भाऊ गेला असता," तू म्हणालीस.

माझं म्हणणं आजही तेच आहे: त्यांना लाकूड हवं होतं, मिरवायला मुलूख हवा होता, आणि बाकी सगळी सजावट. पण तुला सुटका नकोच होती. तू माझा कॉलेजचा ॲटलास मागून घेतलास आणि खोऱ्यावर बोट ठेवून बसलीस. मी म्हटलं, पांढरा रंग आणून देते, पुसून टाक एकदाचं.

"पांढरं म्हणजे कोणी नाही," तू म्हणालीस. "माणसं आहेत तिथे. तू जा आणि त्यांना विचारून ये, कोणता रंग हवा. मग मी भरते."

मी हो म्हटलं. तिकडे जायला आपल्याच सरकारचा परवाना लागतो, हे तेव्हा कळलं. दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा उत्तर आलं की त्या भागातली परिस्थिती सध्या अनुकूल नाही. तिसऱ्यांदा अर्ज करणार होते, तोवर तुझी दृष्टी गेली. तू विचारत राहिलीस, "गेलीस का गं?" आणि मी सांगत राहिले, "अजून नाही."