कॅरिअरवरचे डॉक्टर

गडचिरोली नुकताच जिल्हा झाला होता आणि माझ्या नवऱ्याने नुकतीच गाडी घेतली होती. नागपूरहून आणलेली जुनी फियाट, दुधी रंगाची. नवरा सरकारी दवाखान्यात डॉक्टर, मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. गाव इतकंसं, की या टोकाला खोकलं तर त्या टोकाला औषध काढून ठेवावं. पण गाडी आल्यापासून आमच्या घरात पायी चालणं बंद झालं. दवाखान्यात गाडी, भाजीला गाडी, दाढी करायला गाडी. एकदा मी कोमट दूध पातेल्यात काढलं आणि विरजण नाही असं लक्षात आलं. मागच्या गल्लीतून विरजण आणायला हे गाडी काढून गेले. वाटेत तिघांना गाडीतून फिरवून आणलं. विरजण घरी आलं तेव्हा दुधावर जाड साय धरली होती.

त्यांचं हे का होतं ते मला कळत होतं. सावली गावाजवळच्या खेड्यात ते वाढले. सासूबाईंनी दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाची रोवणी करून त्यांना शिकवलं. आमच्या वस्तीतला हा पहिला डॉक्टर, आणि त्याच्या दारात ही पहिली गाडी. म्हणून गाडीबद्दल मी कधी वाकडा शब्द काढला नाही. ती पुसताना ते गुणगुणत, तेव्हा मी आत जाऊन हसायची.

अडचण एकच होती. मला शाळेत सोडायचं म्हणून मी पर्स घेऊन फाटकाशी उभी राहायची, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी पेशंट घरी यायचा. मग जीभ बघणं, पोट दाबणं. प्रार्थना संपल्यावर मी शाळेत पोचायची. मोठ्या बाई एक दिवस शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरी गाडी आली तेव्हापासून तुम्हाला उशीर व्हायला लागलाय."

त्याच संध्याकाळी मी घरी जाहीर केलं की मी सायकल शिकणार. दोन मुलांची आई होते, नऊवारी नसली तरी पाचवारी नेसत होते. हे म्हणाले, "लोकांना वाटेल, आपल्याला पेट्रोल परवडत नाही."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोकाईले वाटू दे. तुले काऊन वाटून राह्यलं?"

भाड्याची सायकल आणली. पहाटे शाळेच्या मागच्या मैदानावर मी सीटवर आणि सासूबाई कॅरिअर धरून मागे. त्या स्वतः जन्मात सायकलवर बसल्या नव्हत्या, पण शिकवायची हिंमत दांडगी. "खाली नको पाहू, बाई. खाली जमीन हाये, ते आपल्याले माहीत हाये." मी समोर पाहिलं आणि सरळ बेशरमाच्या झुडपांत गेले. साडी फाटली, कोपर सोललं. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "झालं पडून? चाल आता."

मग एका सकाळी बऱ्याच अंतरावर गेल्यावर मी काहीतरी बोलले आणि मागून उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर त्या पार मैदानाच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या भीतीने मी पुन्हा पडले, पण तोवर सायकल आली होती.

मी लेडीज सायकल घेतली आणि शाळेत जाऊ लागले. गावात दुसरीच चर्चा सुरू झाली. एका म्हाताऱ्या पेशंटने यांना विचारलं, "साहेब, गाडी इकली का जी?" बुद्धविहारातल्या बायकांचा अंदाज असा, की आमचं भांडण झालंय आणि ते मला गाडीत बसू देत नाहीत. एकीने तर मला घरची वांगी आणून दिली आणि हात दाबून म्हणाली, "होईल सगळं बराबर." वांगी चांगली होती. मी ती ठेवून घेतली. यांना मात्र ती भाजी गोड लागली नाही.

हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला. धानोऱ्याकडच्या खेड्यातून बैलगाडीने एक बाई आणली होती, अडलेली. हे बॅग घेऊन धावले. गाडी थंडीने गारठलेली. नुसती कण्हत होती, चालू होईना. ढकलून पाहिली, तरी नाही. शेवटी त्यांनी माझी सायकल ओढली. पण कॉलेज सुटल्यापासून सायकल सुटलेली, त्यात एका हातात बॅग आणि गुडघे हँडलला लागत होते. कसेबसे फाटकाजवळच्या पेरूच्या झाडापर्यंत गेले आणि झाडाला धरून थांबले.

मी म्हटलं, "उतरा. मागे बसा."

त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मुकाट्याने मागे बसले, बॅग मांडीवर, दोन्ही पाय एका बाजूला. रविवारचा चौक, चहाच्या टपरीवर माणसं. डॉक्टर दिसल्यावर सवयीने सगळे उठून नमस्कार करू लागले. यांचा एक हात बॅगेवर, दुसरा माझ्या सीटखाली घट्ट. नमस्कार घेता येईना, म्हणून नुसती मान डोलवत होते. उतार आला.

"ब्रेक आहेत ना?"

"आहेत. बोलू नका."

दवाखान्यात पोचताच ते धावत आत गेले. मला दम लागला होता, मी पायरीवर बसले. बैलगाडीवाल्या माणसांनी मला पाणी दिलं. बऱ्याच वेळाने आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, आई शुद्धीवर होती. हे बाहेर आले, चेहरा घामेजलेला, आणि माझ्या शेजारी पायरीवरच बसले. म्हणाले, "गाडीची वाट पाहिली असती तर उशीर झाला असता." मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे केला.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कसा गेला होता रे?"

"हिच्या मागे बसून."

"नीट धरून बसला होता ना रे?"

आठवड्याभरात यांनी उंच काळी सायकल घेतली. का घेतली, ते मात्र बदलत गेलं. आधी म्हणाले, व्यायाम. मग, पेशंटसमोर आदर्श. पुढे पुढे तर आमच्या घरात सायकल त्यांनीच आणली, असं ते पाहुण्यांना सांगू लागले. जेवायला बसलेल्या प्रत्येकाला हृदय, गुडघे आणि सायकल यांचं नातं ऐकावं लागे. सासूबाई पाहुण्याला भात वाढताना माझ्याकडे बघत आणि तोंडावर पदर घेत. गाडी चंद्रपूरला किंवा सावलीला जायचं झालं तरच निघे.

रविवारी दुपारी आम्ही दोघं नदीपर्यंत सायकलने जाऊ लागलो. जाताना ते पुढे असत, घंटी वाजवत, रस्त्यात कोणी नसलं तरी. येताना चढ लागला की मागून आवाज येई, "थांब जरा, चेन बघतो." मी उतरून मोहाच्या झाडाखाली उभी राही. ते खाली वाकून चेनला हात लावत आणि श्वास सावरत. चेनला कधीच काही झालेलं नसे. त्यांचे हात तेवढे काळे होत, आणि ते माझ्या रुमालाला पुसून आम्ही पुढे निघत असू.