चपला घालूनच आत जायचं

“अरे, ये तो डान्स भी करती है!”

गॉगल लावलेला पाहुणा असं म्हणाला आणि त्याच्या गाडीतून उतरलेले सगळे हसले. मी नाचत नव्हते. मुरबाडकडच्या एका रिसॉर्टच्या दारात, भर उन्हात, तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी होते. हातात आरतीचं ताट. पाय भाजत होते, म्हणून एक उचलत होते, दुसरा टेकवत होते. मॅनेजरही हसला. त्याचं हसणं मला जास्त लागलं.

ही माझी पहिली नोकरी. शहापूरच्या एका संस्थेत मी कंप्युटर शिकले, फोनवर कसं बोलायचं ते शिकले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, “रिसेप्शनला घेतायत तुला.” आमच्या पाड्यावर खुर्चीत बसून करायची नोकरी तोवर कुणाला लागली नव्हती. आईनं घरोघर सांगून टाकलं. मी बाजारातून नवा पंजाबी ड्रेस घेतला आणि पहिल्या दिवशी कडक इस्त्री करून गेले.

चूक एकच झाली. ऑफिसच्या बाहेर मी चपला काढल्या. सारवलेल्या घरात चपला कोण नेतं? कंप्युटरच्या वर्गातही धूळ नको म्हणून बाहेर काढायला लावायचे. मला वाटलं, ऑफिसात तसंच असणार. मॅनेजरनं माझ्या पायांकडे पाहिलं.

“आदिवासी ना तू? मस्त. अशीच राहा, अनवाणी. गेस्टना ओरिजिनल वाटतं.”

दुपारी ड्रेस बदलायला लावला. गुडघ्यापर्यंत लुगडं, गळ्यात प्लास्टिकच्या मण्यांच्या माळा. माझी आजी असं लुगडं नेसून लोकांच्या शेतात भात लावायची. तिला कुणी ओरिजिनल म्हटलं नाही. तिला ‘ए बाई’ म्हणायचे. रिसेप्शनच्या खुर्चीत दुसरीच मुलगी बसली होती, सँडल घालून. मला सांगितलं होतं, बोलायचं नाही, नुसतं हसायचं. मी रोज हसत होते. घरी आई विचारायची, “खुर्ची कशी हाय गो?” मी म्हणायचे, बरी हाय.

पण त्या दिवशी, तो ‘डान्स’ ऐकल्यावर, डोकं फिरलं. ताट तिथेच फरशीवर ठेवलं. ऑफिसच्या दाराशी गेले, चपला घातल्या आणि पाहुण्यांच्या समोर परत येऊन उभी राहिले.

“चपला काढ,” मॅनेजर म्हणाला.

“नाय काढणार. कंप्युटरवर बसवतो सांगून आणलंय मला. बसवा, नायतर चालले.”

“जा. तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतात.”

गेले. माळा काढून त्याच्या टेबलावर टाकल्या.

मॅडम म्हणाल्या, “पहिलीच नोकरी, थोडं अ‍ॅडजस्ट करायचं असतं.” नोकरी लागलेली मुलगी म्हणून संस्थेच्या बॅनरवर लावलेला माझा हसरा फोटो तसाच राहिला. आई रडली. म्हणाली, “पाय भाजले तर काय झालं गो? आमी काय जन्मभर चपला घातल्या?” मला तिचा संताप आला. मग तिला असं बोलायची सवय ज्यांनी लावली त्यांचा आला. तो अजून गेलेला नाही.

आता मी शहापूरच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. सुट्टीच्या दिवशी पाड्यावरच्या पोरापोरींसाठी कामं शोधते. पहिल्या दिवशी स्वतः सोबत जाते आणि मालकाला तोंडावर विचारते, काम काय, बसायचं कुठे. मालकांना आवडत नाही. न आवडू दे.

मध्यंतरी त्याच मॅनेजरचा फोन आला. कुणीतरी माझा नंबर दिला होता. त्यानं मला ओळखलं नाही.

“सीझन आहे. चार-पाच आदिवासी मुली पाठवा. फार शिकलेल्या नकोत.”

“कंप्युटरवर बसवणार का?”

तो हसला. तेच हसणं.

“मग एक पण येणार नाय,” म्हटलं आणि फोन ठेवला.

परवा आसनगावला एका पोरीला घेऊन गेले. औषधांच्या एजन्सीत बिलं बनवायचं काम. दाराशी पोचल्यावर ती सवयीनं चपला काढायला वाकली. मी तिचा दंड धरला.

“घालूनच जा गो. अनवाणी आपण आपल्या घरात. यांच्या दारात नाय.”

ती तशीच आत गेली. पुढचीही तशीच जाईल. आणि जिथे आमच्या पोरींना नुसतं उभं राहून हसायला बोलावतील, तिथे आमच्या पाड्यावरचं कुणीही जाणार नाही.