कोऱ्या कागदावरचा नेम

कांद्याची चाळ रिकामी झाली की आम्ही दोघी बहिणी तिथं नेमबाजीचा सराव करायचो. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या आमच्या वस्तीवर दहा मीटरची सलग आणि आडोशाची जागा तेवढीच होती. एका टोकाला पत्र्याची पेटी, तिच्यात कोंबलेली गोणपाटं आणि पुढं चिमट्यानं लावलेला कागद. दुसऱ्या टोकाला कधी मी, कधी माझी धाकटी बहीण. रायफल एकच होती, छऱ्याची, वापरलेली. नगरच्या एका मुलानं खेळ सोडला तेव्हा वडिलांनी ती आमच्यासाठी घेतली होती. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, ती बारावीला.

सुरुवातीला आम्ही टार्गेटची झेरॉक्स काढून आणायचो. पण त्या पातळ कागदाला छर्रा लागला की भोक पडण्याऐवजी कागद फाटायचा. कडा इतक्या वेड्यावाकड्या व्हायच्या की शॉट नऊच्या कड्यात आहे की दहाच्या, यावर आमचं भांडण व्हायचं. शिवाय चाळीच्या फटींतून वारा आला की कागद हलायचा. मग कॅलेंडरच्या गुळगुळीत पानांवर कंपासनं गोल काढून पाहिले. ते उन्हात चमकायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी आमच्या प्रशिक्षकांनी दटावलं. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, नगरला राहायचे. दर रविवारी आम्ही एसटीनं त्यांच्याकडं जायचो.

"नेम चुकला की कागद चुकला, हेच कळत नसेल तर सराव कसला?" ते म्हणाले आणि त्यांनी आम्हाला जाड, खरखरीत पुठ्ठ्याची कार्डं दिली. त्यांवर छऱ्याचं भोक कसं स्वच्छ, गोल पडायचं. काही कार्डांवर दहा छोटी काळी वर्तुळं असायची, ती सरावाची. काहींवर मधोमध एकच काळं, ती स्पर्धेची.

जिल्ह्याच्या निवड चाचणीची तारीख कळली आणि त्याच आठवड्यात माझा हात थांबला.

दुसरा शब्द मला सुचत नाही. स्पर्धेचं कार्ड लावायचं, रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, श्वास अर्धा सोडायचा, नळीच्या टोकावरच्या साईटच्या कड्यात ते काळं बरोबर मधे बसायचं आणि बोट हलायचंच नाही. मी बोटाला सांगत राहायची, ते ऐकायचं नाही. मग रायफल खाली घ्यायची, पुन्हा उचलायची, पुन्हा तेच. कधीतरी बोट एकदम झटका द्यायचं आणि छर्रा कुठल्या कुठं जायचा.

मी कुणाला बोलले नाही, पण मागं उभं राहून वाट बघणारीला कळणारच.

"ताई, तू शॉट का मारत नाहीस?" एके दिवशी बहिणीनं विचारलं.

"वारा आहे."

"आज कुठाय वारा?" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "खरं सांग. माझ्यासाठी करतीयस का तू हे?"

ती असं का विचारतेय, हे मला ठाऊक होतं. जिल्ह्याच्या संघात आमच्या गटात तीन जागा. दोन नगरच्या मुलींच्या, त्या आमच्यापेक्षा फार पुढं होत्या. राहिलेल्या एका जागेसाठी आम्ही दोघीच होतो.

"मूर्खासारखं बोलू नकोस," मी ओरडले.

"असलं काही करशील तर मी चाचणीलाच येणार नाही." रायफल माझ्या हातातून घेऊन तिनं कव्हरात घातली आणि चाळीतून निघून गेली.

त्या रात्री जेवताना आईनं दोघींकडं पाहिलं आणि म्हणाली, "काय झालं गं तुमाला? एकीनं तरी तोंड उघडा की." आम्ही खाली मान घालून जेवलो. मला खरी भीती वेगळीच वाटत होती. तिचं म्हणणं खोटं आहे, हे मी माझ्यापुरतंसुद्धा छातीठोक सांगू शकत नव्हते.

रविवारी तिनंच सरांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, सर चिडतील. त्यांनी एक कार्ड घेतलं, उलटं केलं आणि कोरी पांढरी बाजू माझ्याकडं करून लावलं.

"मार."

"सर, नेम कशावर धरू?"

"कशावरच नको. रायफल सरळ धर, साईटचं कडं बघ आणि चाप ओढ. पांढऱ्यात चुकायला काहीच नाही."

पहिल्यांदा तेसुद्धा जमलं नाही. मग एकदा बोट हललं. फट् आवाज झाला. मग पुन्हा. सरांनी कार्ड जवळ आणून दाखवलं. नेम धरलाच नव्हता, तरी भोकं एकमेकांना चिकटून पडली होती. बहिणीनं ते कार्ड हातात घेऊन उजेडाकडं धरलं.

पुढं कितीतरी दिवस मी फक्त कोऱ्या बाजूवर मारत राहिले. चाचणी जवळ येत होती, बहीण तिच्या पाळीला स्पर्धेच्या कार्डांवर शंभरापैकी नव्वदी ओलांडत होती आणि मी पांढऱ्यावर भोकं पाडत होते. सरांनी मग दहा काळ्यांचं कार्ड दिलं. "एवढ्यांतलं एक बिघडलं तर बिघडलं," ते म्हणाले. त्यावर हात चालला. एका काळ्याचं कार्ड त्यांनी अगदी शेवटी, चाचणीच्या आदल्या रविवारी लावलं. थोडेच शॉट मारू दिले आणि काढून घेतलं.

चाचणी नगरला एका बंदिस्त हॉलमध्ये होती. रायफल एकच असल्यामुळं आम्हाला वेगवेगळ्या फेऱ्यांत उभं राहायचं होतं. सकाळच्या फेरीत बहीण खेळली. मी तिचे गुण बघायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण चांगले पडलेत, हे बाहेर येताना तिचा चेहराच सांगत होता. तिनं रायफल माझ्या हातात दिली. तिच्या गालाचा ओलावा अजून लाकडाला होता. मग ती माझ्या मागच्या खुर्च्यांत जाऊन बसली.

सुरुवात बरी झाली. प्रत्येक शॉटनंतर तारेवरून कार्ड सरकत जवळ यायचं, मी ते काढून नवं लावायची, ते परत दूर जायचं. अर्धी फेरी झाली असेल. एक कार्ड दूर गेलं, काळं कड्यात बसलं आणि बोट थांबलं.

रायफल खाली घेतली, पुन्हा उचलली. आजूबाजूला सगळ्यांचे शॉट वाजत होते, माझाच वाजत नव्हता. मागं ती बसलीय, माझा प्रत्येक श्वास ती मोजत असणार, एवढंच डोक्यात होतं. घड्याळाकडं पाहिलं आणि पाहिल्याचा पश्चात्ताप झाला.

तेवढ्यात मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चपलांचा आवाज दाराकडं गेला. दार उघडलं, मिटलं. ती निघून गेली होती.

तिला वाटलं असणार, मी मुद्दाम करतेय. एकदम इतका राग आला की मी रायफल उचलली, काळ्याकडं बघितलंच नाही, नुसत्या साईटच्या कड्याकडं बघितलं आणि चाप ओढला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. वेळ संपल्याची सूचना झाली तेव्हा माझं शेवटचं कार्ड परत येत होतं.

त्या शेवटच्या शॉटचं भोक दहाच्या कड्याला लागलंय की नाही, हे डोळ्यांना कळत नव्हतं. पंचांनी भोकात मापाची कांडी घातली, भिंग लावलं, वाकून पाहिलं. दुसऱ्या पंचांना बोलावलं. दोघं कुजबुजत राहिले. शेवटी त्यांनी दहा लिहिलं. त्या दहामुळं मी बहिणीच्या एक गुण पुढं गेले.

ती बाहेर पायऱ्यांवर बसली होती.

"किती झाले?"

मी सांगितले. तिनं मनातल्या मनात हिशेब केला आणि तोंड पलीकडं फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मी शेजारी बसले, पण तिला हात लावायचं धाडस होईना.

"तू उठून का गेलीस?" मी विचारलं.

"मी बसले असते तर तू मारलंच नसतंस," ती म्हणाली. "आणि न मारता मला जागा मिळाली असती तर मी तुझ्याशी जन्मात बोलले नसते."

घरी पोचल्यावर आईनं दारातच विचारलं, "कोन गेली गं संघात?"

"ताई," बहिणीनं सांगितलं आणि हातपाय धुवायला मागं गेली. आईला कुणाकडं बघावं ते कळेना. "बरं," एवढंच म्हणून ती आत भाकऱ्या थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा चाळीकडून शॉटचे आवाज येत होते. तिनं मला न विचारताच रायफल नेली होती. मी तोंड धुऊन तिकडं गेले आणि तिचं होईपर्यंत बाहेरच थांबले.