फाटकाआडचं हिरवं तळं

त्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या ज्या राज्यात मी शिकत होते त्याचं बजेट वेळेत मंजूर झालं नाही आणि तिथंही सरकार बंद पडतं, हे मला कळलं. माझ्या संशोधनाचं तळं सरकारी जागेत होतं. त्याच्या फाटकाला कुलूप लागलं.

दर सोमवारी तिथलं पाणी आणायचं आणि त्यातलं शेवाळ मोजायचं, हे माझं काम. उन्हाळाभर खंड पडला नाही, तरच त्यातून प्रबंध होणार होता. माझी रूममेटही हेच करायची. पण तिचं तळं एका कंपनीच्या आवारात, पैसेही कंपनीचेच. तिचं काही अडलं नाही.

घरी फोन केला. आमच्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सगळं मुळापासून सांगावं लागे. आईला वाटलं, संप असेल. संप नाही, खर्चाला मंजुरी नाही, असं सांगितल्यावर ती म्हणाली,

"मग पाण्याला कुठं कळतंय, सरकार बंद आहे म्हणून?"

रूममेटचे वडील पुण्यात प्राध्यापक होते. ती त्यांच्याशी फोनवर आलेखांबद्दल बोलायची, मध्येच हसायची. मी भांडी घासता घासता नळ बारीक करून ऐकायची. मला तिच्या तळ्याचा हेवा वाटायचा, पण त्या बोलण्याचा बहुधा जास्त.

पुढच्या सोमवारी मी तरीही गेले. फाटकातून तळं दिसलं, अगदी हिरवंगार. ज्याची वाट बघत होते ते शेवाळ आलं होतं. फाटकावरून उडी मारणं अवघड नव्हतं, पण पकडले गेले तर व्हिसा जाईल, म्हणून ते धाडस झालं नाही.

सरकार उघडलं तोवर पाणी निवळलं होतं. आलेखात मधली जागा रिकामी राहिली. माझे मार्गदर्शक म्हणाले, ठिपके जोडू नकोस, अजून एक उन्हाळा काम कर. रूममेटने मात्र वसंतातच प्रबंध दिला. सामान बांधताना तिने तिचे गमबूट माझ्यापुढे ठेवले.

"घे यार, मला आता काय उपयोग?"

मी थँक्स म्हटलं. ते मला नेमके मापाचे निघाले. माझ्या जुन्या बुटांत पाणी शिरायचं. पुढच्या उन्हाळ्यात मी तिचे बूट घालून तळ्यात उभी राहिले, एक थेंबही आत आला नाही, आणि मला त्याचाही राग आला.