बिनमातीचा पालक

माझ्या शेडमध्ये पाखरू फिरकत नाही. जाळीच तशी घट्ट आहे, पण आत गेलं की ते फार जाणवतं. मुंगी नाही, किडा नाही, मातीचा वास नाही. पांढऱ्या पाइपांत पालक उभा, खाली पाण्यात मुळं लोंबतात आणि पंप एकसारखा घरघरत असतो. टाकीतलं पाणी पाइपांतून फिरून परत टाकीतच येतं. थेंब वाया जात नाही, खताचा अंश विहिरीत उतरत नाही.

आमचं रान माकणीच्या अलीकडं. तणनाशक मारून मारून त्या रानात गांडूळ दिसेना, विहिरीचं पाणी मचूळ झालं, तेव्हा मी हट्टानं हे उभं केलं. बाया चिडवायच्या, "मातीबिगर पालक म्हंजी आईबिगर लेकरू." यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथं गोठा बांधायचा होता. लई भांडलो. शेवटी ठरलं, एवढं पीक साधलं तर शेड राहील, न्हाई तर मोडायची.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांनी माझा पालक कधी तोंडात घातला नाही, पण दारात बसून पाणी बघत राहायच्या. "ह्ये कुठं जातच न्हाई गं," म्हणायच्या. शेवटच्या दुखण्यात त्यांचं एकच पालुपद होतं. "मला त्या औषध मारलेल्या रानात टाकू नका. नदीत बी नको, घाण हाय." आम्ही व्हय व्हय म्हणालो. दुखणाईत माणसाला नाही कोण म्हणतं? त्या गेल्यावर राख सावडली आणि ती गाडग्यात घेऊन सासरे तेरणा नदीवर गेले. मी घरीच होते. राख सोडून आले असतील, असंच सगळे धरून चाललो.

त्यानंतर पालक पिवळा पडायला लागला. पाण्याचा आंबटपणा मोजायला माझ्याकडं पेनासारखं यंत्र आहे. संध्याकाळी आकडा जागेवर आणून ठेवावा, तर सकाळी तो वर चढून आंबटपणा उतरलेला. खताची पावडर देणाऱ्या दुकानदाराला मी फोनवर नाही नाही ते बोलले. बिचारा ऐकून घेत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

एका सकाळी शेडचं दार उघडलं आणि विझलेल्या चुलीचा वास आला. तिथं चूल कुठली? टाकीच्या झाकणावर ओली बोटं उमटली होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. झाकण पुसलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही. लोक म्हणाले असते, हिला आता भुतं दिसायला लागली.

त्या दिवशी हिरवी पानं निवडून, शिजवून-घोटून जेवणाला गरगट्टा केला. सासऱ्यांना मी मामा म्हणते. आत्या गेल्यापासून मामा दोन घासांत उठायचे. त्या दिवशी त्यांनी मागून घेतलं, डोळे मिटून हळूहळू खाल्लं. मला बरं वाटलं, म्हटलं, माणसाला भूक तरी लागली.

दुपारी पंपाची जाळी तुंबली. उघडून बघते तर आत करडा चिखल आणि त्यात बारीक पांढरी कणी. चुना असेल म्हणून बोटांत चुरडली, पण ती चुरडेना.

"त्ये फेकू नको," मागून मामा म्हणाले. त्यांच्या हातात गाडगं होतं. "तुझी आत्या हाय ती."

मला राग असा आला, की जाळी तिथंच आपटावी.

"मामा, काय केलंत हे? आपण खाल्लं की वो त्ये."

"मग कुठं टाकू?" मामा म्हणाले. "तिला नदी नको व्हती, रान नको व्हतं. समद्या शिवारात एवढंच पाणी चांगलं हाय, तूच सांगती की लोकास्नी. रोपांना बाधू नये म्हणून राख थोडी थोडी सोडली."

मी जाळी हळूच खाली ठेवली.

पिकात अजून जीव होता, शेंडे हिरवे होते. सगळं पाणी सोडून टाकी नव्यानं भरली असती तर पालक वाचला असता, शेडही वाचली असती. पण ते पाणी सोडायचं म्हणजे रानातच. तोटीवर हात ठेवून मी उभी राहिले. मामांनी मला अडवलं नाही. ते नुसते पाण्याकडं बघत होते, आणि माणसाकडं बघावं तसं बघत होते. मला भीती वाटली, आणि त्यांची दयाही आली. मी हात काढून घेतला.

पालक गेला. आमचे हे टेप घेऊन गोठ्याची जागा मोजायला आले, तर मामा दारातच बसून राहिले. "शेड मोडायची न्हाई," म्हणाले. कारण सांगितलं नाही. हे पाय आपटत घराकडं गेले.

मग मामांनी मला जवळ बोलावलं.

"पोरी, पंप बंद पडू देऊ नको," ते हळूच म्हणाले. "आन् माझी बी हितंच सोड."

आत रिकाम्या पाइपांतून पाणी फिरत होतं. मी व्हय म्हणाले.